‘दक्षता’ की कार्यक्षमता? ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय ऊर्जामंत्री यांस,
स.न.वि.वि.

ज्या कार्यालयाच्या स्टार लेबलमुळे देशभर लोक फ्रिज-एसी पारखून घेतात, त्याचे हिंदी नाव ‘ऊर्जा दक्षता ब्यूरो’. हेच नाव मराठी मजकुरात तसेच उचलले जाते आणि घोटाळा होतो. मराठीत दक्षता म्हणजे सावधगिरी. दक्षता पथक येते ते लाचखोर पकडायला. त्यामुळे हे खाते वीजचोर शोधत असणार, असे कुणालाही वाटेल. १४ डिसेंबरच्या ‘ऊर्जा संरक्षण दिवसा’चेही तेच. संरक्षण म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे सैन्य येते. वीज जपून वापरण्याला आम्ही बचत म्हणतो आणि एफिशियन्सीला कार्यक्षमता. दोन्ही शब्द रुळलेले आहेत, नवे घडवायचे कष्टही नाहीत.

उलट टोकही नको. ‘स्टार’ला कुणी उत्साहाने ‘तारांकित’ करू नये. तारांकित प्रश्न आपल्याला सभागृहात विचारतात, एसीला नाही! लोक फाइव्ह स्टार म्हणतात, तेच राहू द्या. किलोवॅट-तासाऐवजी युनिट लिहा, कारण बिलाबद्दल बोलताना सगळे युनिटच मोजतात.

योजनांच्या नावांत लघुरूपांचा सोस आहे. २०१५ साली एलईडी दिव्यांची योजना आली ती डीईएलपी या नावाने, मग तिची ‘उजाला’ झाली: उन्नत ज्योती बाय अफोर्डेबल एलईडीज फॉर ऑल. अर्धे संस्कृत, अर्धे इंग्रजी, मध्ये ‘बाय’. आमच्याकडे उजाला म्हणजे पांढऱ्या कपड्यांची नीळ. दिवे चांगले होते, ही गोष्ट वेगळी.

शब्दांपेक्षा मला जास्त खटकते ते स्टारला वर्ष न जोडणे. निकष अधूनमधून कडक होतात, आणि ते व्हायलाच हवेत. जुलै २०२२ मध्ये एसीचे निकष बदलले, तेव्हा आदल्या दिवशीचा पाच स्टारचा एसी चार स्टारवर आला. यंत्र तेच, वीज तेवढीच. लेबलवर कालावधी छापलेला असतो, पण जाहिरातीत आणि बोलण्यात उरतो फक्त ‘फाइव्ह स्टार’. युरोपात लेबलवर स्टारऐवजी अक्षरे असतात; तिथे सर्वोत्तम ‘ए’च्या पुढे अधिकची चिन्हे लावत लावत ‘ए’ला तीन अधिक चिकटेपर्यंत मजल गेली, आणि मार्च २०२१ पासून फ्रिज, वॉशिंग मशीनसारख्या वस्तूंसाठी पुन्हा साधे ‘ए’ ते ‘जी’ आणावे लागले. आपल्याकडे इतके करायची गरज नाही. ‘२०२२ च्या निकषांनुसार ५ स्टार’ असे लिहिणे जाहिरातींना सक्तीचे केले तरी पुष्कळ. एसीच्या लेबलवरचे वार्षिक युनिट १६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात, हेही त्याच ओळीखाली यावे. नाहीतर लेबल एक सांगते, बिल दुसरेच, आणि शिव्या मीटरला बसतात.

पुढची योजना जाहीर होण्याआधी तिचे नाव आणि दहा-बारा मुख्य शब्द प्रत्येक भाषेत त्या भाषेच्या जाणकाराकडून ठरवून घ्या. हिंदीवरून उतरवून नव्हे. मराठीची यादी करायला आम्ही काही जण फुकट बसायला तयार आहोत.

कळावे,
एक वीजग्राहक