केनिया मिशन ट्रिपबद्दल तक्रार, आणि प्रोजेक्टच्या पैशाचा हिशोब मिळण्याबाबत

प्रति,
मिशन ट्रिप विभाग

जय ख्रिस्त.

एप्रिल २०२५ मध्ये ईस्टरच्या वेळची तुमची केनिया ट्रिप होती त्यात मी होते. व्हॉट्सॲपवर विचारून झालं, फोन करून झाला, दरवेळी एकच उत्तर, सिस्टर प्रार्थना करा, टीमशी बोलून कळवतो. प्रार्थना मी करतेच हो, त्यासाठी तुमच्या टीमची गरज नाही. म्हणून आता लेखी देतेय आणि उत्तरही लेखीच पाहिजे.

मी अहिल्यानगरची, रिटायर्ड शिक्षिका, सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेली. तुमच्या माहितीपत्रकात होतं की किसुमूजवळच्या शाळेत आठवडाभर मुलांना इंग्रजी शिकवायचं, म्हणून मी घरी बसून तक्ते केले, शब्दपट्ट्या कापल्या, आमच्या ह्यांनी त्या लॅमिनेट करून आणल्या, सामानाचं वजन वाढलं त्याचेही पैसे मीच भरले. आणि नैरोबीहून दिवसभर गाडीत बसून तिथे पोचलो तर शाळेला कुलूप! केनियात पहिलं सत्र ४ एप्रिलला संपलं होतं आणि दुसरं २८ एप्रिलला सुरू होणार होतं. हे तिथल्या शिक्षण खात्याचं जाहीर वेळापत्रक आहे, काही गुपित नाही. शाळेत शिकवायची ट्रिप काढताना शाळा चालू आहे का हे बघायचं कुणालाच सुचलं नाही? का ईस्टरची जाहिरात चांगली खपते म्हणून तारखा आधी ठरल्या आणि शाळा नंतर चिकटवली?

मग तुमच्या लीडरने गावात निरोप पाठवून मुलं गोळा केली, तीन वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंत सगळी एकाच खोलीत, काहींच्या कडेवर धाकटी भावंडं. त्यांना मी काय शिकवणार? शिवाय केनियात इंग्रजी राजभाषा आहे, चौथीपासून सगळे विषय इंग्रजीतूनच असतात, त्यातली एक सातवीतली मुलगी आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांपेक्षा चांगलं इंग्रजी बोलत होती आणि मी ‘धिस इज अ मँगो’चा तक्ता धरून उभी. ती बिचारी हसली नाही, हे तिचे संस्कार.

मुख्याध्यापिका सुट्टीत गावाकडून खास आमच्यासाठी आल्या होत्या. चहा पिताना त्यांना सरळ विचारलं की तुम्हाला खरी गरज कशाची आहे. त्या म्हणाल्या, सरकारी शिक्षक पुरत नाहीत म्हणून शाळेच्या समितीने स्वतः काही शिक्षक नेमलेत, त्यांचा पगार पालकांच्या पैशातून होतो आणि तो थकलाय. हे तुम्ही कधी विचारलं होतं का त्यांना? त्या म्हणाल्या, आम्हाला फक्त तारखा कळवतात.

आता भिंतीचं. वर्गखोली बांधायला हातभार लावायचा होता. मार्च ते मे तिकडे मोठा पाऊस असतो, व्हिक्टोरिया सरोवराकडे तर दुपार झाली की हमखास, आणि ह्याच दिवसात तुम्ही आम्हाला बांधकामाला उभं केलं. आमच्या ग्रुपमध्ये एक भाऊ सिव्हिल कॉन्ट्रॅक्टर आहेत, त्यांनी पहिल्याच दिवशी ओळंबा लावून सांगितलं की भिंत सरळ जात नाहीये. जाईल कशी, विटा रचणारे बँकेतले क्लार्क आणि कॉलेजची पोरं, आणि तिथले दोन गवंडी, ज्यांना ते फुंडी म्हणतात, बाजूला बसून बघतायत कारण तुमच्या लीडरने त्यांना सांगितलेलं की व्हॉलंटियर्सना करू द्या, त्यांना अनुभव मिळतो. संध्याकाळी पाऊस उघडला की ते दोघं आमचे वरचे थर काढून परत नीट लावायचे. मी स्वतः पाहिलंय, कंदिलाच्या उजेडात. म्हणजे एकाच भिंतीचं काम दोनदा, आणि त्यातलं एकदाचं आमच्या फोटोसाठी. आमच्या जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्याचं काम उभं केलं, त्यातल्या कितीतरी बायका निरक्षर होत्या. ख्रिस्ती सेवा कशी असते हे आम्हाला माहीत नाही अशातला भाग नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागलीय. नैरोबीला उतरायच्या आधी लीडर प्रत्येकाच्या सीटपाशी येऊन सांगून गेला की काउंटरवर कुणी विचारलं तर टुरिस्ट म्हणा, मिशन, शाळा, काम असलं काही बोलू नका. आमचा प्रवास परवानाही तुम्ही पर्यटन म्हणूनच काढला होता. तिथे थोड्या दिवसांच्या कामासाठी स्पेशल पास असतो, धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी परमिटचा वेगळा वर्गच आहे. हे मला परत आल्यावर कळलं, तुमचा तर हा धंदाच असल्यामुळे तुम्हाला आधीच माहीत असणार. पवित्र आठवड्यात, प्रभूच्या नावाने निघालेल्या माणसांना खोटं बोलायला लावलंत तुम्ही. आणि पकडले गेलो असतो तर पासपोर्ट आमचे होते, तुमचे नाही.

यलो फीव्हरच्या लसीचंही तसंच, सर्टिफिकेट लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं आणि ते नसेल तर भारतात परत येताना सहा दिवस क्वारंटाइन होऊ शकतं, पण तुमचा मेसेज आला अगदी काठावर. मुंबईला धावाधाव करून घेतली लस. असो.

बालगृहाला भेट कार्यक्रमात छापलेलीच नव्हती. अचानक नेलं, प्रत्येकीच्या मांडीवर एक एक मूल दिलं आणि फोटो काढले. माझ्या मांडीवरच्या मुलीचा फोटो तुमच्या पेजवर आहे, खाली लिहिलंय अनाथ बालिका. तिची आई ईस्टरच्या उपासनेला मला भेटली, बाजारात मासे विकते, मुलीला सुट्टीत घरी न्यायला आली होती! तिथल्या सरकारने २०१७ पासून नवीन बालगृहांची नोंदणी थांबवलीय, मुलं कुटुंबात परत पाठवायचं धोरण आहे, आणि तुम्ही इथे अनाथ म्हणून देणग्या मागताय. तो फोटो लगेच काढा. माझा चेहरा आहे म्हणून नाही, त्या बाईने परवानगी दिलेली नाही म्हणून.

आता पैसे. माणशी १ लाख ८५ हजार घेतले, त्यातले ४० हजार शाळेच्या प्रोजेक्टसाठी असं तुमच्याच माहितीपत्रकात आहे. पण बिल बघितलं तर सगळी रक्कम फॉरेन टूर पॅकेज म्हणून दाखवलीय आणि त्यावर ५ टक्के टीसीएस (परदेशी टूरच्या पैशांवर आधीच घेतला जाणारा कर), ९,२५० रुपये, वेगळे कापलेत. मग ते ४० हजार देणगी होती का पॅकेज? देणगी असेल तर शाळेची पावती दाखवा, पॅकेज असेल तर त्यात कबूल केलेली शाळा कुठे होती ते सांगा. मुख्याध्यापिका म्हणाल्या सिमेंट आणि विटा मिळाल्या, रोख काही नाही. शेवटी मसाई माराला नेलंत, त्याला नाव दिलं आत्मिक विश्रांती. नुसती पार्क फी माणशी १०० डॉलर, म्हणजे जवळजवळ १३ हजार शिलिंग, त्या दोन गवंड्यांचा कित्येक दिवसांचा रोज त्यात निघाला असता. सिंह दिसला, छान होता, पण मी सिंहासाठी आले नव्हते.

माझ्या ४० हजारांपैकी निम्मे आमच्या चर्चच्या महिला मंडळाने हार्वेस्टच्या, म्हणजे पिकाच्या आभाराच्या सणाच्या, लिलावातून दिलेत. कुणी कोंबडी दिली, कुणी घरचा भोपळा, कुणी तोच भोपळा तिप्पट बोली लावून परत घेतला. पाळकसाहेब मला काही बोलत नाहीत, पण पुढच्या महिन्यात मंडळीची सभा आहे आणि हिशोब मला उभं राहून वाचायचाय.

तर पंधरा दिवसांत ग्रुपमधल्या सगळ्यांच्या प्रोजेक्टच्या पैशाचा तपशील पाठवा, शाळेच्या सही-शिक्क्यासकट. जे शाळेपर्यंत गेलं नाही ते मला परत नको, ते शाळेच्या समितीच्या खात्यावर भरा आणि पावती मला पाठवा, तो पैसा शिक्षकांच्या पगाराला जाऊ दे. मारा सफारीचे आणि न झालेल्या शिकवणीचे पैसे मात्र मला परत पाहिजेत, खाते नंबर बुकिंगच्या फॉर्मवर आहेच. उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात. कॉन्ट्रॅक्टर भाऊ आणि ग्रुपमधले अजून काहीजण सोबत सह्या करायला तयार आहेत, भिंतीचे ओळंबा लावलेले फोटो त्यांच्याकडे आहेत.

आणि पुढच्या एप्रिलच्या ट्रिपची जाहिरात परवा माझ्याच व्हॉट्सॲपवर आली, त्याच शाळेच्या नावाने. तारखा बघून घ्या एकदा.

आपली,
एप्रिलच्या केनिया ग्रुपमधली अहिल्यानगरची शिक्षिका
(नाव आणि बुकिंग नंबर मेलच्या विषयात दिलाय)