कडकपणाचा एक आकडा पुरेसा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंत्रभागांवरील नॅनो लेपांची माहिती छापून येते तेव्हा तिच्यात बहुधा एकच आकडा ठळकपणे दिलेला असतो, तो पृष्ठभागाच्या कडकपणाचा. विद्युत विलेपनाच्या, म्हणजे विजेच्या प्रवाहाने द्रावणातला धातू वस्तूवर चढवण्याच्या (रोजच्या बोलीत प्लेटिंगच्या), कामात अनेक वर्षे घालवल्यानंतर मी खात्रीने सांगतो की लेप टिकणार की सोलून निघणार, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते ठरते खाली, लेप मूळ धातूला जोडला जातो तिथे.

निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइड किंवा ॲल्युमिना या कठीण सिरॅमिक पदार्थांचे बारीक कण मिसळले की लेप कमी झिजतो, ही गोष्ट जुनीच आहे. इंजिनाच्या सिलिंडरला आतून दिला जाणारा निकासिल लेप १९६०च्या दशकातला आहे. मात्र कणांची दाटी तळापासून वरपर्यंत सारखीच ठेवली, तर सांध्यावर ताण साठतो. कारण पोलाद तापून जितके प्रसरण पावते, त्याच्या साधारण दोन-तृतीयांश ॲल्युमिना आणि एक-तृतीयांश सिलिकॉन कार्बाइड पावते. अशा लेपाचा निघालेला पोपडा मी हातात घेऊन पाहिला आहे: वरची बाजू चकचकीत, तिच्यावर ओरखडासुद्धा नाही, आणि खाली उघडे पडलेले पोलाद इतके स्वच्छ की त्याला कधी काही चिकटले होते असे वाटू नये. कडकपणाच्या चाचणीत तो लेप उत्तम ठरला होता.

यावरचा उपाय म्हणजे क्रमश: बदलत जाणारा लेप: तळाशी निव्वळ निकेल, आणि वर जाताना कणांचे प्रमाण हळूहळू वाढवत नेलेले. हे एकाच टाकीत साधता येते ते स्पंदित, म्हणजे सतत चालू-बंद होणाऱ्या, प्रवाहामुळे. समजा, प्रवाह २ मिलिसेकंद चालू आणि ८ मिलिसेकंद बंद ठेवला आणि चालू असताना तो दर चौरस डेसिमीटरला २० अँपिअर असला, तर सरासरी ४ अँपिअर पडते. जवळजवळ सगळा प्रवाह निकेल बसवण्यातच खर्च होतो असे धरले, तर एका स्पंदात सरासरी अणूच्या एका थराइतकेही निकेल बसत नाही. ५० नॅनोमीटरचा एक कण पुरता गाडला जायला साडेतीनशेहून अधिक स्पंद लागतात, आणि २५ मायक्रॉनचा लेप अर्ध्या तासात सुमारे १ लाख ८० हजार स्पंदांनी उभा राहतो.

बंद ठेवलेल्या त्या ८ मिलिसेकंदांना मी फार महत्त्व देतो. तेवढ्या अवधीत कॅथोडपाशी, म्हणजे लेप चढत असलेल्या भागापाशी, रोडावलेले निकेलचे आयन (विद्युतभारित अणू) पुन्हा भरून येतात, हायड्रोजनला निघून जायला सवड मिळते आणि सैल बसलेले मोठे पुंजके परत द्रावणात जाऊ शकतात. पुढच्या स्पंदाचा जोर मोठा असल्याने नवी स्फटिकबीजे भराभर तयार होतात आणि निकेलचे दाणे बारीक राहतात. चालू-बंदचे हे प्रमाण टप्प्याटप्प्याने बदलत नेले की लेपातले कणांचे प्रमाणही बदलत जाते. कोणत्या दिशेने आणि किती, हे मात्र प्रत्येक बाथमध्ये, म्हणजे टाकीतल्या विलेपन द्रावणात, तपासूनच ठरवावे लागते. स्पंद फारच आखूड केले तर प्रवाहाचा मोठा वाटा पृष्ठभागालगतचा विद्युतभार चढवण्या-उतरवण्यातच जातो आणि परिणाम सलग वाहणाऱ्या साध्या एकदिश प्रवाहासारखा होऊ लागतो.

‘नॅनो’ या शब्दावरही विसंबून चालत नाही. पिशवीवर ५० नॅनोमीटर लिहिलेली पूड क्षारांनी भरलेल्या बाथमध्ये पडताच गुठळ्या धरते, आणि ढवळणे कमी पडले तर लेपात मायक्रॉनभर आकाराचे गोळे जाऊन बसतात. हार्ड क्रोमच्या, म्हणजे क्रोमियमचा कडक लेप देणाऱ्या, बाथमधले षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याने त्याला पर्याय हवाच, आणि म्हणूनच मला या लेपांबद्दल आस्था आहे. पण निकेलची संयुगेही कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहेत, तेव्हा या पर्यायाला कोणी ‘निर्धोक’ म्हणू नये.

आपल्या विज्ञानविषयक पानावर अशा लेपाबद्दल पुन्हा लिहिले जाईल तेव्हा कडकपणाच्या आकड्यासोबत प्रवाहाच्या चालू आणि बंद वेळा, त्याचे शिखरमूल्य आणि बाथ ढवळण्याची पद्धत द्यावी, आणि शक्य असल्यास लेपाच्या उभ्या छेदाचे एक छायाचित्र छापावे, ही विनंती. तळाशी कण विरळ आणि वर दाट आहेत की नाही, हे त्या छायाचित्रात कोणत्याही वाचकाला स्वत: पाहता येईल.

आपला विश्वासू,
एक विलेपन अभियंता