इंजेक्टर काढायच्या आधी

चि. संदीप यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू तीन गोष्टी सांगितल्यास. गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही, माळशेज घाट उतरताना हेडलाइट मिणमिणतात आणि मागे दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगला एकेक पाटा वाढवायचा आहे. गॅरेजवाला चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारतात ते) काढून टेस्टिंगला टाकू म्हणतोय. त्याला थांबव. दिवसभर नीट ओढणारी आणि धूर न काढणारी पिकअप फक्त सकाळीच अडत असेल, तर पहिला संशय डिझेलच्या लाईनीवर घ्यायचा. इंजेक्टर मागे जास्त डिझेल सोडायला लागले की गाडी तापलेली असतानाही सुरू व्हायला त्रास देते. तुझी तापल्यावर एका सेल्फला उठते.

टाकीपासून फिल्टरपर्यंत आणि तिथून इंजिनच्या पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. या ओढीच्या लाईनीत बारीक फट असली तर डिझेल बाहेर गळताना दिसत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून खाली थेंब पडत नाहीत आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की त्या फटीतून हवा शिरते, लाईनीतलं डिझेल हळूहळू टाकीकडे परततं आणि सकाळी पंपाला आधी हवा ओढावी लागते.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. उद्या सकाळी सेल्फ मारण्याआधी बॉनेट उघड आणि फिल्टरजवळचा हातपंप दाब (रबरी फुगा असेल तर तो). दोन-तीन दाबांत घट्ट झाला तर लाईन भरलेली आहे, दोष दुसरीकडे शोधायचा. पंधरा-वीस दाबांनंतर घट्ट झाला आणि त्यानंतर गाडी लगेच उठली, तर एअर धरतेय हे नक्की.

मग फट शोध. पहिल्यांदा फिल्टरचं सील बघ. फिल्टर बदलताना जुनं रबर वर हेडला (फिल्टर ज्यावर बसतो त्या भागाला) चिकटून राहतं आणि नवीन फिल्टर स्वतःच्या रबरासह त्याच्यावर बसतो. दोन रबरं एकमेकांवर घसरतात आणि हवा घेतात. त्यानंतर फिल्टरच्या तळाच्या पाणी काढायच्या स्क्रूची ओ-रिंग बघ, मग रबरी पाइपांची टोकं. क्लिपखालचं रबर वर्षानुवर्षे दाबून लाकडासारखं कडक होतं, आणि वाकवलं की बारीक चिरा दिसतात. लांबी पुरत असेल तर टोक एक सेंटीमीटर कापून पुन्हा बसव, नाहीतर पाइपच बदल. पाइप डिझेलसाठीचाच घे. पाण्याचा पाइप डिझेलने फुगतो आणि महिन्याभरात सैल पडतो. फट सापडतच नसेल तर फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक डिझेल पाइप तात्पुरता जोड आणि इंजिन चालू कर. बुडबुडे दिसले तर हवा त्याच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूने येतेय.

फिल्टर बदलायचा झाला तर आधी हेडवर बोट फिरवून जुनं रबर निघालंय ना ते बघ. नव्या रबराला बोटाने डिझेल लाव. रबर हेडला टेकेपर्यंत हाताने फिरव, पुढे किती फिरवायचं ते फिल्टरवर छापलेलं असतं, साधारण पाऊण फेरा. पान्याने आवळू नकोस. फिल्टर आधीच डिझेलने भरून बसवायची सवय बऱ्याच जणांना असते. कॅनमधलं न गाळलेलं डिझेल मधल्या भोकातून ओतलं तर ते फिल्टरच्या स्वच्छ बाजूला जातं, आणि तिथून थेट पंप-इंजेक्टरमध्ये. कोरा फिल्टर लाव आणि हातपंपानेच भर. हवा काढायचा एअर स्क्रू दीड फेरा सैल कर, बुडबुडे थांबून नितळ धार आली की आवळ, मग पंप घट्ट होईपर्यंत दाब. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नकोस, मध्ये अर्धा मिनिट तरी सोड. पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढ. पाणी जड असतं, बाटलीच्या तळाशी वेगळं बसतं. नितळ डिझेल येईपर्यंत काढत राहा. डॅशवर पाण्याचा दिवा लागायची वाट बघू नकोस.

इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या लोखंडी पाइपांचे नट सैल करू नकोस. जुन्या पंपाच्या गाड्यांची एअर मिस्त्री तशीच काढायचे. तुझी गाडी कॉमन रेल आहे, म्हणजे चारही इंजेक्टरना एकाच दाबाखालच्या नळीतून डिझेल जातं. त्या पाइपांत हजार बारच्याही वर दाब चढतो. केसाएवढी धार कातडीत घुसते, वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत डिझेल पसरून बोट कापायची पाळी येते. तसं कधी झालंच तर दुखत नाही म्हणून घरी बसू नकोस, तडक हॉस्पिटल गाठ आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना सांग.

हातपंप लगेच घट्ट होतोय तरीही गाडी उठत नसेल तर मल्टिमीटर काढ. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट दाखवायला हवी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी संपत आलीय. त्याच वेळी मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लाव. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची केबल खराब आहे. ती सोडवून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासली तरी बहुतेक वेळा काम होतं.

आता लाइट. इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोज, मग होल्डर लागलेला असतानाच बल्बच्या पिनवर मोज. बॅटरीवर १४ आणि बल्बवर १२ च्या आसपास असेल तर बल्ब बदलून काही उपयोग नाही. सगळा करंट बारीक वायरीतून आणि स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातोय, तिथे व्होल्टेज वाया जातं. व्होल्टेज दहा टक्के घटलं की हॅलोजनचा उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. लोक यावर १०० वॉटचे बल्ब टाकतात, आणि तीच बारीक वायर आणखी तापून होल्डर वितळतो.

बल्ब ६०/५५ वॉटचाच ठेव आणि दोन रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारे स्विच) बसव, एक डिपरला, एक अपरला. दोन बल्बचे १२० वॉट म्हणजे साधारण १० अँपिअर, म्हणून वायर २.५ स्क्वेअर एमएमची आणि प्रत्येक रिलेला १५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीच्या वीतभर अंतरात हवा. लांब लावला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर तो काहीच वाचवणार नाही. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीचा प्लस, ८७ वरून बल्ब, ८६ ला बल्बकडे येणारी जुनी वायर, ८५ ला अर्थ. काही गाड्यांत स्विच मायनस तोडतो, म्हणून जोडण्याआधी होल्डरमधली सामाईक पिन प्लस आहे की मायनस हे मीटरने बघ. प्लस निघाली तर हे कनेक्शन चालणार नाही, आधी मला फोन कर. बल्बची अर्थ वायरही जाडच टाक, एकच बाजू सुधारून उजेड अर्धाच वाढतो. रिलेचे पाय खाली करून बसव म्हणजे पाणी साचत नाही. जोड पिळून टेप मारू नकोस, धातूची लग दाबून वर प्लास्टिकची स्लीव्ह चढव. काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढ, शेवटी मायनसच लाव. नव्या बल्बच्या काचेला बोट लागू देऊ नकोस, बोटाच्या तेलाने ती एका जागी जास्त तापते आणि बल्ब उडतो.

पाट्यांचं मात्र ऐक. पाटा वाढवल्याने गाडी कमी बसते, पण एक्सल, ब्रेक आणि टायर तेच राहतात, आणि आरसीवरचं वजनही तेच. ओव्हरलोडचा दंड २०१९ पासून वीस हजार आहे, वर दर जादा टनाला दोन हजार. टोमॅटोच्या एका क्रेटला माल वीस किलो आणि रिकामा क्रेट दोन किलो धर. तुझ्या गाडीच्या १३०० किलोला ५९ क्रेट होतात. पासष्ट भरतोस ते क्रेटचं वजन विसरून.

शिवाय मागच्या एक्सलपासून चेसिसवरच्या ब्रेक व्हॉल्वला एक रॉड जातो का, ते खाली वाकून बघ. असेल तर तो व्हॉल्व गाडी किती बसलीय त्यावरून मागच्या चाकांना ब्रेक किती द्यायचा ते ठरवतो. पाटा वाढवला की भरलेली गाडीही उंच राहते, व्हॉल्वला ती रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी पडतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो आणि घाटात तेच आधी तापतात.

आधी आहे ते तपास. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून बॉडीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोज. फरक दोन सेंटीमीटरच्या पुढे असेल तर बसलेल्या बाजूला पाटा तुटलेला असण्याची शक्यता जास्त. तारेच्या ब्रशने माती काढलीस की गंजाची आडवी रेघ दिसेल. तुटलेला पाटा, झिजलेले बुश आणि सेंटर बोल्ट बदल. पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवीनच घे, ताणलेला जुना पुन्हा आवळला तरी धरत नाही. चारही नट आलटून-पालटून आवळ आणि भरलेल्या पहिल्या फेरीनंतर पुन्हा बघ. गाडीखाली जाताना जॅकवर विसंबू नकोस. चेसिसखाली स्टँड आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड हवेतच.

उद्या सकाळी पंप किती दाबांत घट्ट झाला तो आकडा आईच्या फोनवर कळव. गाडी त्याआधी सुरू करू नकोस, नाहीतर परवापर्यंत थांबावं लागेल.

तुझे
बाबा