बी साइडला उरलेली सात मिनिटं

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव मला कधीच कळलं नाही. टिळक रोडवरून आत वळणाऱ्या एका बोळात, जिन्याखाली तुमचं दुकान होतं आणि अख्खी गल्ली तुम्हाला 'कॅसेटवाले काका' म्हणायची. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. पत्ता नाही, नाव नाही, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहिते आहे. तुमच्यापर्यंत किंवा तुमच्या घरच्यांपर्यंत पोचलं तर बरं होईल, कारण आभारांबरोबर एक प्रश्नही विचारायचा आहे.

ओळख पटावी म्हणून सांगते. साल 1989, मी नववीत. तुमच्या काउंटरवर पाटी होती: 'यादी सुवाच्य अक्षरात आणावी. चाल गुणगुणून दाखवू नये.' खाली वेगळ्या शाईत: 'दुपारी 1 ते 4 बेलही वाजवू नये.' मी बारा गाण्यांची यादी आणि साठ मिनिटांची कोरी कॅसेट दिली होती, भरून द्या म्हणून. (हे कायद्यात कितपत बसत होतं ते आता नको काढूया. गल्लोगल्ली चालायचं.) यादीतलं एक नाव तुम्ही पेनाने गोल करून विचारलंत, "हे नक्की हवंय?" मी हो म्हटलं. तुम्ही उसासा टाकलात.

चार दिवसांनी कॅसेट घरी नेली. बी साइडचं शेवटचं गाणं संपलं आणि एकदम किंचाळल्यासारखा आवाज आला. टेपरेकॉर्डरने टेप खाल्ली असं वाटून मी धावत जाऊन स्टॉप दाबला, कॅसेट काढली, पेन्सिल घालून रीळ सारखं केलं, परत लावली. परत तेच किंचाळणं. मग ते थांबलं आणि हळूच एक माउथ ऑर्गन सुरू झाला. मग कुणीतरी शीळ घातली. मग संस्कृतातला भारदस्त कोरस, आणि त्याच्या मध्यावर प्रेशर कुकरची शिट्टी.

दुसऱ्या दिवशी मी भांडायला आले.

"काका, हे मी सांगितलं नव्हतं."

"जागा उरली होती. सात मिनिटं."

"मग कोरी सोडायची ना."

"कोरी कशाला? पैसे दिलेस ना टेपचे?" तुम्ही मान वर न करता लेबल लिहीत होतात. "गाणी मागायला सगळं पुणं येतं. हे कुणी मागत नाही, म्हणून मीच देतो. नाही आवडलं तर आण, पुसून देतो."

पुसून घ्यायला मी कधीच आले नाही. मात्र हे काय आहे ते विचारायला दर शनिवारी यायला लागले.

ते किंचाळणं म्हणजे व्हायोलिनं होती हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. 'सायको', 1960, संगीतकार बर्नार्ड हरमन. चित्रपटभर फक्त तंतुवाद्यं, एक ढोल नाही की एक तुतारी नाही. न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीत नकोच, असं खुद्द दिग्दर्शक हिचकॉकने सांगून ठेवलं होतं. हरमनने तरी लिहिलं, ऐकवलं आणि हिचकॉकला ते मान्य करावं लागलं. ही गोष्ट सांगताना तुम्हाला एवढा आनंद व्हायचा की जणू ऐकवायला तुम्हीच गेला होतात. मालकाचं न ऐकणारा माणूस तुम्हाला आवडायचा.

माउथ ऑर्गन 'शोले'तला. तेव्हा त्या चित्रपटाच्या संवादांची रेकॉर्ड लोकांना तोंडपाठ होती, मलाही. "गब्बर काय म्हणतो ते सगळे सांगतील," तुम्ही म्हणालात, "तो बोलत असताना मागे काय वाजतंय ते सांग." मला एक अक्षर सांगता आलं नाही. मग तुम्ही हवेलीच्या सज्जातली राधा सांगितलीत. एकेक दिवा मालवत जाणारी, आणि खाली अंगणात माउथ ऑर्गन वाजवणारा जय. दोघांत शब्द नाही. राहुलदेव बर्मन यांच्या त्या सुरावटीत फुंकर भानू गुप्तांची होती. पडद्यावर ते नाव कुणी वाचत नाही, म्हणून तुम्ही ते मला वहीत लिहायला लावलंत. ती वही अजून आहे.

शिळेबद्दल फार लिहीत नाही, तिचे संगीतकार एन्निओ मोरिकोने आता सगळ्यांना ठाऊक आहेत. पण 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची गोष्ट पहिल्यांदा तुमच्याकडून ऐकली. संगीत आधी तयार झालं आणि दिग्दर्शक सर्जिओ लिओने ते चित्रीकरणाच्या जागी वाजवायचा, नट त्या चालीवर चालायचे. "आधी वाजंत्री, मग वरात," तुम्ही म्हणाला होतात. मोरिकोनेंना 2007 मध्ये मानद ऑस्कर मिळालं आणि स्पर्धेतलं थेट 2016 मध्ये, सत्त्याऐंशी वर्षांचे असताना. दोन्ही वेळा मला जिन्याखालचं दुकान आठवलं.

आणि कुकरची शिट्टी. 'भारत एक खोज'चं शीर्षकसंगीत तुम्ही दूरदर्शनवरून, टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलं होतंत. रविवारची सकाळ, काकूंचा वरणभात. काकूंना आधी सांगून ठेवायला हवं होतं, एवढंच म्हणालात. मी ते इतक्या वेळा ऐकलं की पुढे स्वच्छ ध्वनिमुद्रण मिळालं तेव्हा नासदीय सूक्ताच्या त्या ठरावीक जागी माझा कान शिट्टीची वाट बघत राहिला. अजूनही बघतो.

त्याचे संगीतकार वनराज भाटिया तुमचे लाडके. लंडनच्या रॉयल अकादमीत शिकलेला, पॅरिसला नादिया बुलांजेंकडे धडे घेतलेला माणूस परत येऊन 'अंकुर', 'मंथन', 'भूमिका'ला संगीत देतो, 'जाने भी दो यारो'च्या गोंधळात वाजवतो, आणि धबधब्याखालच्या त्या साबणाच्या जाहिरातीचं 'ला ला ला'ही त्याचंच. हे शेवटचं कळल्यावर मी दुकानात ओरडलेच होते. आमच्या घरी तो साबण होता! पाश्चात्त्य संगीत इतकं पचवूनही त्यांच्या गावाकडच्या चित्रपटांत सुटाबुटातली माणसं शेतात उतरल्यासारखं कधी वाटलं नाही, हे तुमचं वाक्य मी पुढे स्वतःचं म्हणून बऱ्याच ठिकाणी खपवलं. तेही आज कबूल करते.

तुम्ही गृहपाठही द्यायचात. एकदा टीव्हीचा आवाज बंद करून बघायचं, एकदा टीव्हीकडे पाठ करून ऐकायचं. आमच्या घरी आजी म्हणाली, पोरीला काहीतरी झालंय. पाठ करून ऐकताना कळलं की दारामागे कोण उभं आहे हे दार उघडायच्या आधी वाद्यं सांगतात, आणि वाईट संगीतकार फार लवकर सांगतो.

पण सगळ्यात मोठा धडा संगीत नसण्याचा होता. प्रभात रोडवरून मला रोज सायकलने शिकवणीला जावं लागायचं. तुम्ही म्हणालात, ज्या कंपनीचं नाव त्या रस्त्याला आहे तिने 1937 साली काय केलं ते तुला माहीत आहे का? 'कुंकू'. व्ही. शांताराम दिग्दर्शक, केशवराव भोळ्यांसारखा जाणकार संगीतकार हाताशी, आणि चित्रपटाला पार्श्वसंगीतच नाही. जे काही ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं. शांताबाई आपटे गातात तेव्हाही साथ हवेतून येत नाही. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती, सगळे जमेल तेवढं वाजवत सुटले होते, आणि आपल्या पुण्यात ही मंडळी गप्प बसायचं ठरवतात. त्याच स्टुडिओच्या आवारात पुढे फिल्म इन्स्टिट्यूट आलं. तिथे भास्कर चंदावरकर कितीतरी वर्षं संगीत शिकवत होते. 'घाशीराम कोतवाल'चे आणि 'सामना'चे चंदावरकर. तिथली पोरं तुमच्याकडे कोऱ्या कॅसेट न्यायला यायची, उधारीवर. त्यांच्याशी वाद घालताना तुमचा चहा गार व्हायचा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

बारावीच्या वर्षी माझे बाबा गेले. फार अचानक. पुढचे दोन-तीन महिने मला गाणी ऐकवत नव्हती. कुठलंही लावलं तरी त्यात शब्द असायचे, आणि शब्द कुठून तरी फिरून बाबांपाशीच यायचे. भेटायला येणाऱ्यांकडेही शब्दच होते. एक दिवस तुमच्या दुकानावरून जात होते, तुम्ही हाक मारलीत. कुणीतरी सांगितलं असणार. तुम्ही काहीच बोलला नाहीत, सांत्वनाचं तर अक्षरही नाही. साठ मिनिटांची एक कॅसेट काउंटरवर सरकवलीत. लेबलवर काही लिहिलेलं नव्हतं. तुम्ही आणि लेबल कोरं! मी पैसे काढले तर म्हणालात, "राहू दे. जागा उरली होती."

दोन्ही बाजूंना मिळून एकही गाणं नव्हतं. एकही शब्द नव्हता. मी ती रात्री उशाशी, अगदी बारीक आवाजात लावायची. पलीकडे आई जागी असायची, ती पण ऐकायची. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. ए साइडला तिसरं काहीतरी होतं, सनईसारखं पण सनई नव्हे, उंच, चिरत जाणारं. ते आलं की आई कूस बदलायची.

ते काय होतं हे मला सात-आठ वर्षांनी कळलं. लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' बघत होते. 1955 चा चित्रपट, रविशंकरांचं संगीत. हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी परततो, मुलीसाठी आणलेली साडी काढून दाखवतो. मुलगी गेलेली आहे हे त्याला माहीत नाही. सर्वजया ती साडी दातांत धरते आणि कोसळते. ती रडते आहे हे दिसतं, पण तिचा आवाज येत नाही. त्या जागी तारशहनाई वाजते, गजाने वाजवायचं तंतुवाद्य. तेच ते ए साइडचं तिसरं. मी अंधारात बसून होते, आणि मला आईची पाठ दिसत होती.

तुम्ही ते जाणूनबुजून घातलं होतंत का, हे मला विचारायचं नाही. माझा प्रश्न वेगळा आहे, येतेच त्यावर.

मधल्या वर्षांचं थोडक्यात सांगते. मी बँकेत लागले, संगीताशी पोटापाण्याचा संबंध आला नाही. ऐकणं चालू राहिलं. 2009 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत गाणी वेगळी आणि पार्श्वसंगीत वेगळं असे दोन भाग झाले. पार्श्वसंगीताचा इळैयाराजांना, 'पळश्शिराजा'साठी. बातमी दोन ओळींची होती. मी ती कापून तुमच्या वहीत चिकटवली. 2014 मध्ये लेकीने 'इंटरस्टेलर'ला नेलं. लंडनच्या टेंपल चर्चमधला ऑर्गन आहे त्यात, आणि संगीतकार हान्स झिमरला सुरुवातीला चित्रपट अंतराळाचा आहे हे न सांगताच बाप-लेकराबद्दलचं एक पान दिलं होतं म्हणे दिग्दर्शकाने. सुंदर आहे. पण इतकं मोठ्याने की माणसं काय बोलतात ते कळेना. तुम्ही असतात तर मध्यंतरातच व्यवस्थापकाला गाठलं असतंत. लेक म्हणाली, आई, तू फार पुणेरी आहेस.

मग 2016, 'सैराट'. अजय-अतुल यांनी हॉलिवूडला जाऊन तिथल्या सिंफनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं, आणि करमाळ्याकडच्या उसाला, विहिरीला ते इतकं शोभलं की मी खुर्चीत सरळ होऊन बसले. पण तुम्हाला सांगायचंय ते शेवटाबद्दल. एवढी व्हायोलिनं दिमतीला असताना शेवटी काही म्हणता काही वाजत नाही. एक लहान मूल चालतं, आणि सगळं थिएटर बहिरं झाल्यासारखं. दिवे लागले तरी कुणी उठेना. माझ्या मनात आलं, काका, 'कुंकू' आठवतंय ना?

आता प्रश्न. आमचा वाडा पाडायला काढला तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत दोन्ही कॅसेट सापडल्या. लेकीने ओळखीतून त्या संगणकावर उतरवून आणल्या. कोऱ्या लेबलच्या कॅसेटमधलं जवळजवळ सगळं मी आता ओळखते, एक सोडून. बी साइड, अगदी शेवटचा तुकडा. साधारण चाळीस सेकंद. एकटं व्हायोलिन, मागे टांग्याच्या टापांसारखी टक टक. एक सुरावट दोनदा येते, तिसऱ्यांदा वर चढायला लागते आणि तेवढ्यात टेप संपते. लेकीने मोबाइलला ऐकवलं, त्याने कसल्याशा योगासनांच्या संगीताचं नाव सांगितलं. चार जाणकारांना विचारलं, चौघांनी चार चित्रपट सांगितले, चारही बघितले. नाही.

तिसऱ्यांदा ती सुरावट कुठे जाते, तेवढं कळवा.

तुमची,
बारा गाण्यांच्या यादीवाली

ता. क. दुसऱ्या कॅसेटचे पैसे तुम्ही घेतले नव्हते. माझ्याकडे बाकी आहेत. दुपारी 1 ते 4 सोडून सांगाल तेव्हा आणून देईन.