वॉरनपॉइंटबद्दल, मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. 'सैन्यावरचा हल्ला वेगळा आणि बाजारात बॉम्ब ठेवणं वेगळं,' असं ठासून लिहिलं आहेस. त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. पण उत्तर आयर्लंडमधल्या वॉरनपॉइंटचं नाव कधी वाचलंयस? २७ ऑगस्ट १९७९ म्हटलं की आपल्याला आठवतात ते माउंटबॅटन. सकाळी आयर्लंडमधल्या मुल्लाघमोरला त्यांच्या बोटीत बॉम्ब फुटला. त्याच दिवशी संध्याकाळच्या सुमारास वॉरनपॉइंटजवळ १८ ब्रिटिश सैनिक मारले गेले, त्याची आपल्याकडे फारशी कुणाला आठवणही नाही. उत्तर आयर्लंडच्या त्या सगळ्या संघर्षात ब्रिटिश लष्कराची एका हल्ल्यात एवढी हानी दुसऱ्या कधीच झाली नाही.

जागा एकदा नकाशावर बघ. नॅरो वॉटर नावाचा जुना किल्ला, त्याला लागून रस्ता आणि न्यूरी नदी. अलीकडचा काठ ब्रिटनच्या ताब्यातला, पलीकडचा आयर्लंड प्रजासत्ताकाचा. पलीकडे बसून रिमोटचं बटण दाबायचं. ब्रिटिश सैनिकांना नदी ओलांडून पाठलाग करायची सोय नाही. आयआरएच्या, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडायला निघालेल्या सशस्त्र संघटनेच्या, साउथ आर्मा ब्रिगेडने जागा हेरली ती अशी.

रस्त्याकडेला पेंढ्यांनी भरलेला ट्रेलर उभा होता. पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचा ताफा शेजारून जाताना त्यातला बॉम्ब उडाला आणि सहा जण गेले. जळत्या ट्रकमधली काडतुसं फुटायला लागली. वाचलेल्यांना वाटलं, पलीकडून गोळीबार होतोय. त्यांनी नदीपार गोळ्या झाडल्या आणि त्यात काठावरचा एक निःशस्त्र माणूस मेला. तोही इंग्लंडचाच नागरिक! आता हा कुठल्या रकान्यात मांडायचा, तूच सांग.

मला खरा चटका लागतो तो पुढच्या भागाचा. स्फोटानंतर लष्कर काय करतं याचा आयआरएने आधीच बारकाईने अभ्यास केला होता. मदतीला येणारे आडोसा शोधणार, समोरच्या दगडी फाटकाशी जमणार, तिथूनच सूत्रं हलवणार. दुसरा बॉम्ब तिथेच ठेवलेला होता. तो ३२ मिनिटांनी उडवला. जखमींना न्यायला हेलिकॉप्टर आलं होतं. त्या स्फोटात बारा जण गेले; त्यांत सूत्रं हाती घ्यायला आलेले लेफ्टनंट कर्नल डेव्हिड ब्लेअरही होते. गणवेशातली माणसं होती, मान्य. पण सापळा रचला तो जखमींसाठी माणसं धावून येणारच या भरवशावर. 'लष्करी लक्ष्य' हा शब्द इथे माझ्या घशाखाली उतरत नाही.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर तू मला ब्रिटिशांचा वकील ठरवशील. ३० जानेवारी १९७२ ला उत्तर आयर्लंडमधल्याच डेरी शहरात याच पॅराशूट रेजिमेंटच्या सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या घातल्या. त्या दिवशी तेरा निःशस्त्र माणसं मेली, चौदावा नंतर. वॉरनपॉइंटनंतर भिंतींवर 'तेरांच्या' बदल्यात अठरा आणि वर माउंटबॅटन, असा हिशेब रंगवला गेला. खरं तर डेरीत पहिली बटालियन होती. भिंती रंगवणाऱ्यांना त्याचं काय!

माउंटबॅटन यांच्या खुनाबद्दल एकाला जन्मठेप झाली. उत्तर आयर्लंडच्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर तो १९९८ मध्ये सुटला. वॉरनपॉइंटसाठी मात्र कुणालाच शिक्षा झाली नाही. दोघांना पकडलं होतं, पुराव्याअभावी सोडून दिलं.

आता तुझं मत बदललं नाही तरी हरकत नाही, पण त्या ३२ मिनिटांबद्दल काय म्हणतोस ते सविस्तर कळव.

तुझाच,
मित्र