हिरव्या कार्डात न दिसणारे फ्लोराइड

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गावाला हिरवे कार्ड मिळाले की पिण्याच्या पाण्याची काळजी मिटली, असा समज आमच्या केळापूर तालुक्यात पक्का झाला आहे. वर्षातून दोनदा होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणात स्रोताभोवतीची घाण, गळती आणि टीसीएल या जंतुनाशक पावडरचा वापर पाहून हे कार्ड ठरते. म्हणजे त्याचा सारा रोख साथीच्या रोगांवर असतो. खडकातून पाण्यात उतरणाऱ्या फ्लोराइडचा कार्डाच्या रंगाशी संबंध नाही. टीसीएलने ते जात नाही, आणि पाणी उकळले तर उलट किंचित वाढते.

माझ्या शेजारच्या गृहस्थांना मागून कुणी हाक मारली तर मान वळवता येत नाही; ते अख्खे अंग फिरवून पाहतात. खाली पडलेली पिशवी उचलायची तर नातवाला बोलवावे लागते. वाताचे दुखणे म्हणून त्यांनी कित्येक वर्षे इंजेक्शने घेतली, पण ज्या हापशीचे पाणी ते पीत आले, तिची चौकशी एकाही डॉक्टरने केली नाही.

शरीरात साठणारे जवळजवळ सगळे फ्लोराइड हाडांत आणि दातांत जाते. पाण्यात ते जास्त असेल आणि वर्षानुवर्षे पोटात जात राहिले, तर हाड एक्स-रेमध्ये दाट दिसू लागते, सांध्यांभोवतीचे अस्थिबंध कडक होतात आणि पाठीचा कणा ताठरतो. दाट दिसणारे हाड मजबूत असतेच असे नाही, हे मात्र अनेकांच्या गावी नसते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत हाडे विरळ झालेल्या स्त्रियांना ४ वर्षे रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड दिले होते. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली, पण मणक्यांखेरीज इतर हाडे मोडण्याचे प्रमाणही वाढले. ही मात्रा औषधाची होती. तेवढ्यावरून मर्यादेतल्या पाण्याने हाडे मोडतात, असा निष्कर्ष कुणी काढू नये. ती मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते.

आहारात कॅल्शियम कमी असलेल्या मुलांना याचा फटका अधिक बसतो. दातांवरचे पिवळे-तपकिरी डाग ही त्याची पहिली खूण, आणि आमच्याकडे ते तंबाखूच्या खाती जमा होतात, मग मूल ८ वर्षांचे का असेना! कणा एकदा आखडला की तो पूर्ववत करणारे औषध नाही, म्हणून पाणी बदलण्याला पर्याय नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत कधीच विकसित केली आहे, मात्र रोज पाण्याच्या मानाने तुरटी-चुना घालणारा माणूस नसेल तर टाकी नुसती उभी राहते.

यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतील प्रत्येक हापशीच्या ओट्यावर तिच्या पाण्यातले फ्लोराइडचे प्रमाण आणि तपासणीची तारीख रंगवून लिहावी, एवढीच माझी मागणी आहे. आमच्या शाळेच्या पटांगणातल्या हापशीपासून सुरुवात करता येईल. तिच्या ओट्यावर आजवर फक्त उद्घाटकांचीच नावे आहेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. केळापूर, जि. यवतमाळ