‘भटक्या’ मांझुकिच आणि एक न छापलेले पत्र

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या क्रीडा पुरवणीत क्रोएशियाचा फुटबॉल आघाडीपटू मारिओ मांझुकिच याच्यावर आलेला लेख काल पुन्हा एकदा वाचला. लेखकाने त्याच्या क्लबांची यादी बिनचूक दिली आहे, याबद्दल त्यांचे अभिनंदन. मात्र दिनामो झाग्रेब, वुल्फ्सबर्ग, बायर्न, अॅटलेटिको, युव्हेंटस, अल-दुहैल आणि मिलान ही नावे एका ओळीत मांडून ‘कुठेच न रुजलेला, करारामागे धावणारा भटक्या’ असा जो शेरा त्याखाली मारला आहे, तो वाचून गप्प बसवले नाही. शाहू स्टेडियमवर हंगामागणिक तालीम, म्हणजे आपला फुटबॉल संघ, बदलणाऱ्या पोरांना गॅलरीतून काय काय ऐकावे लागते, हे आम्हा कोल्हापूरकरांना नवे नाही. परंतु ते गॅलरीतले बोलणे असते आणि त्याला कोणी लेख म्हणत नाही.

कोणी कोणाला सोडले, एवढे तरी तपासायला हवे होते. २०१३ च्या चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर डॉर्टमुंडविरुद्ध बायर्नचा पहिला गोल मांझुकिचने केला. पुढच्या हंगामात, नवे प्रशिक्षक गार्डिओलांच्या पद्धतीत तो बसत नाही अशी चर्चा चालू असतानाही, जर्मन लीगमध्ये संघातर्फे सर्वाधिक गोल त्याचेच होते. तरीही हंगामाच्या मध्यावरच त्याच्याच जागी खेळणाऱ्या लेवांडोव्हस्कीचा बायर्नशी करार जाहीर झाला आणि मोसमाअखेरच्या जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यासाठी मांझुकिचला संघातच घेतले गेले नाही. घरात नवा मनुष्य आणून ठेवल्यावर जुन्याने काय करावे, अशी आपल्या लेखकांची अपेक्षा आहे? शिवाय १९९० च्या दशकातील युद्धामुळे आईवडिलांबरोबर स्लावोन्स्की ब्रॉड सोडून ज्याला लहानपणीच जर्मनीतील डिट्झिंगनला जावे लागले, त्याच्याबद्दल ‘भटक्या’ हे विशेषण वापरताना हात थोडा आखडता घेतला असता, तर बरे झाले असते.

लेखातील दुसरा आक्षेप ‘आघाडीपटूच्या मानाने गोल कमी’ असा आहे. तो करणाऱ्याने २०१७ सालचा युव्हेंटस पाहिलेला नाही, हे उघड आहे. इग्वाइन या आघाडीपटूला नऊ कोटी युरो मोजून आणल्यावर आघाडीच्या मधल्या जागेचा प्रश्न निकालात निघाला होता. दुसरा कोणी असता तर बाकावर बसून एजंटाला फोन लावत बसला असता. जानेवारी २०१७ मध्ये प्रशिक्षक अलेग्रींनी मांझुकिचला डाव्या बगलेवर उभे केले आणि तिशी ओलांडलेला हा धिप्पाड सेंटर फॉरवर्ड प्रतिस्पर्ध्याच्या राइट बॅकमागे धावत स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रापर्यंत येऊ लागला, टॅकल करू लागला आणि हवेतले चेंडू जिंकून इग्वाइन व दिबालाला देऊ लागला. अशा माणसाचे गोल कमी होणार नाहीत तर काय होईल? त्याच वर्षी कार्डिफला रेआल माद्रिदविरुद्धच्या अंतिम सामन्यात अॅलेक्स सांद्रो, इग्वाइन आणि मांझुकिच यांनी चेंडू जमिनीला टेकू न देता जो गोल रचला आणि मांझुकिचने छातीवर घेऊन पाठमोऱ्या किकने पूर्ण केला, त्याचा लेखात उल्लेखसुद्धा नाही. युव्हेंटस ४-१ असा हरला, हे मान्य. पण वेलिबोर वासोविच आणि क्रिस्तियानो रोनाल्डो यांच्यानंतर या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दोन वेगवेगळ्या क्लबांसाठी गोल करणारा तो केवळ तिसरा खेळाडू ठरला, ही गोष्ट एका वाक्यात तरी मावली असती.

स्वयंगोलाला मात्र आपण भरपूर जागा दिली आहे, आणि माझे खरे दुखणे तेच आहे. २०१८ च्या विश्वचषक अंतिम सामन्यानंतर, १६ जुलैच्या अंकातही आपण हेच केले होते. ग्रीझमनची जी फ्री किक मांझुकिचच्या डोक्याला लागून गोलात गेली, ती मुळात द्यायला हवी होती का, हा प्रश्न तेव्हाही आपल्याला पडला नाही. क्रोएशिया ४-१ असा मागे असताना ६९ व्या मिनिटाला फ्रान्सचा गोलरक्षक लॉरिस याच्यावर धावून जाऊन त्याच्या पायातला चेंडू जाळ्यात ढकलणारा तोच मांझुकिच होता, आणि इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात १०९ व्या मिनिटाला गोल करून क्रोएशियाला अंतिम फेरीत नेणाराही तोच होता. मात्र त्या दिवशीच्या वृत्तान्तात त्याची ओळख केवळ ‘स्वयंगोल करणारा’ एवढीच होती. मी त्याच आठवड्यात पत्र पाठवले होते. ते छापले गेले नाही. जागेअभावी, असे मी समजून घेतले होते. आता मात्र तीच चूक अर्धे पान खर्चून पुन्हा केली गेल्यामुळे जागेची अडचण नव्हती, असे दिसते.

कतारला, अल-दुहैलकडे, तो पैशांसाठी गेला, असे म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. त्याआधी युव्हेंटसचे तेव्हाचे प्रशिक्षक सारींनी त्याला चॅम्पियन्स लीगच्या यादीतून वगळले होते आणि त्या हंगामात एक मिनिटही मैदानात उतरवले नव्हते, हे सोबत लिहावे, म्हणजे झाले. २०२१ मध्ये मिलानला असताना दुखापतीमुळे खेळता आले नाही म्हणून मार्चचे वेतन नाकारणारा आणि ती रक्कम क्लबच्या सेवाभावी संस्थेला जाऊ देणारा मनुष्य करारामागे धावत होता, हा शोध आपल्याच पुरवणीचा.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतचे छायाचित्र मांझुकिचचे नसून त्याचा क्रोएशियाचा सहकारी इव्हान पेरिशिचचे आहे. रशियातील २०१८ च्या विश्वचषकात मांझुकिचची जर्सी १७ क्रमांकाची होती, आणि छायाचित्रात ४ हा आकडा चष्मा न लावताही वाचता येतो. रात्री उशिराच्या सामन्यांचे निकाल आमच्या आवृत्तीत हल्ली येतच नाहीत, हेही ग्राहक म्हणून कळवून ठेवतो. शुद्धिपत्र छापणार असाल तर ते कृपया क्रीडा पानावरच छापावे, छोट्या जाहिरातींच्या खाली नव्हे.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर